संध्याकाळी न मरणारा नंबर

१२ सप्टेंबर २०२३, मंगळवार. मागणीच्या डब्यातून एकशे अठरा रुपये निघाले.

प्रेमानंदने ते पुन्हा मोजले. आकडा तोच. मागच्या महिन्यात या डब्यातून चाळीस निघाले होते, त्याच्या आदल्या महिन्यात छत्तीस. एक तर उमरग्याला एकाएकी वाचनाची साथ आली होती, नाहीतर कुठेतरी पाणी मुरत होतं.

उमरग्यात बसस्थानकामागच्या गल्लीत एक आडत दुकान आहे, त्याच्या माडीवर हे वाचनालय. सकाळी आठ ते अकरा वर्तमानपत्रं, दुपारी चार ते आठ पुस्तकांची देवघेव, सोमवारी सुट्टी. प्रेमानंद सोनकांबळे इथला ग्रंथपाल. तो दुपारी येतो. सकाळचं दार सिताबाई उघडते, झाडलोट करते, पेपर लावते. पुस्तकांच्या कपाटांच्या किल्ल्या मात्र प्रेमानंदच्या खिशात असतात, आणि तो खिसा त्याने एकतीस वर्षांत कुणाकडे दिलेला नाही.

हवं ते पुस्तक बाहेर गेलेलं असलं, तर वाचकाने नंबर लावायचा. टेबलाशेजारी खिळ्याला दोरीने वही टांगली आहे. तीत आपल्या हाताने पुस्तकाचं नाव, आपलं नाव आणि फोन लिहायचा आणि झाकणाला चीर पाडलेल्या बिस्किटाच्या डब्यात दोन रुपये टाकायचे. हे दोन रुपये पोस्टकार्डाच्या काळातले. पुस्तक आलं की प्रेमानंद कार्ड टाकायचा. आता फोन करतो. कार्ड गेलं, दोन रुपये राहिले.

साडेचारला नानासाहेब आले. हे वाचनालयाचे सचिव. तीस वर्षं कॉलेजात हिशेब शिकवून निवृत्त झालेले, त्यामुळे चपला काढायच्या आधी आकडा विचारायची सवय.

"किती निघाले?"

"एकशे अठरा."

"अरे वा. अहवालात टाक. वाचकांत भरीव वाढ."

"सर, पैसे वाढले म्हणून वाचक वाढले असं थोडंच आहे."

"मग काय डबा व्यायला?"

प्रेमानंद हसला नाही. त्याने वही खिळ्यावरून काढली आणि १३ ऑगस्टपासूनच्या नोंदी बोटाने मोजायला घेतल्या. एकोणसाठ. दुणे एकशे अठरा. हिशेब चोख होता. मग त्याने नोंदी सोडून माणसं मोजली, तेव्हा बोट थांबलं. माणसं भरली चौतीसच. उरलेल्या नोंदी एकाच अक्षरात होत्या: गोल, मोठं, कागदाच्या मागच्या बाजूला उमटेल इतकं दाबून लिहिलेलं. 'रुद्रम्मा बिराजदार.' एकदा नाही, पहिली धरून सव्वीसदा. आणि सव्वीसही वेळा पुस्तक एकच.

"म्हातारीला विसर पडायला लागला वाटतं," नानासाहेब वहीत डोकावून म्हणाले.

सिताबाई संध्याकाळच्या केरासाठी वर आली होती. केरसुणी टेकवून ती म्हणाली, "कोन, रुद्रम्मा अव्वा? तिला कशाचा इसर पडतोय. तिनं उसनं दिल्यालं वाटीभर तेल बी ध्यानात ऱ्हातंय तिच्या. रोज आठला येती. म्या दार उघडलं की पयला पाय तिचा. नंबर लावती, दोन रुपये टाकती, जाती."

"रोज?"

"सोमवार सोडून रोज. पंधरा आगष्टाला झेंड्याला बी आली आन् नंबर लावूनच गेली."

"तू काही बोलली नाहीस?"

"काय बोलू भाऊ? मला कुठं वाचाया येतंय. मला वाटलं आसंच आसतंय. दवाखान्यात न्हाय का, रोजच्या रोज लावावा लागतोय."

प्रेमानंद खुर्चीत बसला. त्याच्या ध्यानात सगळं आलं.

उमरग्यात दवाखाने उदंड. कर्नाटकाच्या सीमेपलीकडून, खेड्यापाड्यातून माणसं इथे येतात ती एक तर बाजाराला, नाहीतर डॉक्टरला. प्रत्येक दवाखान्याच्या दाराला सकाळी आठ वाजता कागद टांगतात. त्यावर नाव लिहायचं, तो आपला नंबर. संध्याकाळी डॉक्टर उठले की कागद फाडला जातो. ज्याचा नंबर लागला तो सुटला. ज्याचा राहिला त्याने उद्या आठला यावं आणि नव्याने लिहावं. कालचा नंबर कालच मेला. या गावात नंबर म्हणजे काय, हे लोकांना दवाखान्यांनी शिकवलेलं, आणि रुद्रम्मांनी तर नवऱ्याच्या आजारपणात दोन वर्षं असे नंबर लावलेले. वाचनालयातली टांगलेली वही बघून त्यांनी तेच मानलं. रोज शेवटी नाव लिहायचं, वर किती आहेत ते बघायचं आणि घरी जायचं. रोज वर जास्तच नावं दिसायची, आणि त्यांतली निम्मी त्यांचीच.

प्रेमानंदने पानं मागे उलटली. त्यांची पहिली नोंद १३ ऑगस्टची होती आणि नंबर होता सहावा. त्या नोंदीवर काट मारलेली होती. काट त्याच्याच हातची, शेजारी त्याच्याच बारीक अक्षरात शेरा: 'दि. २ सप्टें. पुस्तक आले. फोन दोनदा केला, घेतला नाही. तीन दिवस ठेवले. दि. ६ रोजी पुढील वाचकास दिले.'

म्हणजे ३ तारखेला, ५ ला आणि ६ ला सकाळी रुद्रम्मा याच टेबलाशी उभ्या राहून नाव लिहीत होत्या, आणि त्यांच्या नावाची चिठ्ठी खोचलेलं पुस्तक चार हातांवरच्या कपाटात, कुलपाआड पडून होतं.

"आन् आता तर ती चालली," सिताबाई केर भरता भरता म्हणाली. "ऐतवारी पोरगा न्यायला येनार हाय. हैदराबादला. कायमची."

पुस्तक म्हणजे एका कादंबरीचा तिसरा भाग. कापसाची जिनिंग प्रेस चालवणाऱ्या चंपाक्का नावाच्या बाईची गोष्ट. पहिले दोन भाग गावात हातोहात फिरले होते. दुसऱ्याच्या शेवटी दीर म्हणतो, जिनची किल्ली टाक, आणि चंपाक्का पदराची गाठ सोडायला लागते. तिथेच भाग संपतो. तिसऱ्याच्या वाचनालयाने दोन प्रती घेतल्या आणि दहा-दहा दिवसांनी त्या फिरत होत्या. प्रेमानंदने स्वतः तो वाचला नव्हता. ज्या पुस्तकाला रांग आहे, ते सगळ्यांचं झाल्यावर वाचायचं हा त्याचा नेम. गेला महिनाभर कुणी शेवट सांगायला लागलं की तो कपाटं पुसायला उठत असे.

रुद्रम्मांना अक्षर आलं ते पंचेचाळिशीत, साक्षरता वर्गात. प्रेमानंद तेव्हा वाचनालयात नुकताच लागलेला. तुरोरीच्या एका सालगड्याचा मुलगा, ज्याच्या घरात पुस्तक म्हणून एकच होतं आणि ते पाटावर ठेवलेलं असायचं. आठवड्यातून एकदा तो सायकलला पिशवी अडकवून वर्गात पुस्तकं न्यायचा. रुद्रम्मांनी पहिलं पुस्तक घेतलं ते शेळीच्या गोष्टीचं, सोळा पानांचं. ते त्यांना वीस दिवस पुरलं. पुढे नवऱ्यामागे पिठाची गिरणी त्यांनीच चालवली. गल्ल्यावर बसून, ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत वाचायच्या. त्यांच्याकडून परत आलेलं पुस्तक प्रेमानंद खिडकीबाहेर धरून झटकायचा. पानांतून ज्वारीचं पीठ उडायचं. रुद्रम्मांनी कोणकोणतं पुस्तक वाचलंय हे सांगायला रजिस्टर बघावं लागत नसे, वास घेतला की पुरे.

पण हे तो कुणाला सांगायचा नाही. कोण काय वाचतं, कुणाकडे काय आहे, कुणाच्या पुढे कोण आहे, यातलं काही तो कधीच कुणाला सांगत नसे. त्याला कारण होतं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका गृहस्थाने फारकतीच्या कायद्याचं पुस्तक मागितलं. "ते बाहेर आहे," प्रेमानंद म्हणाला, आणि सहज बोलून गेला कुणाच्या सुनेकडे आहे ते. दुसऱ्या दिवशी त्या सुनेचं वाचनालयात येणं बंद झालं, आणि महिन्याने तिचं पुस्तक सासऱ्याने आणून टेबलावर आपटलं. त्या दिवसापासून प्रेमानंदच्या तोंडाला कुलूप. नंबराचं विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं: "लागलाय. येईल." कितवा, कधी, काही नाही. लोकही विचारेनासे झाले होते. ज्याने त्याने आपापल्या डोक्याने अर्थ लावावा.

साडेसहाला एका वाचकाने त्या कादंबरीची एक प्रत आणून ठेवली. मुदत आजचीच होती. वहीप्रमाणे पुढचा नंबर आठवा, म्हणजे नानासाहेबांचा. ते समोरच बसलेले. हात पुढे झालाच.

"सर, थांबा जरा."

"का? माझा नंबर ना?"

"तुमचाच. पण हे पुस्तक रुद्रम्मांना द्यावं म्हणतो."

नानासाहेबांनी चष्मा काढला. "मागे अध्यक्षांच्या बायकोला तू रांगेत उभं केलंस. मला स्वतःला दोनदा परत पाठवलंस. आणि आता नियम कुठे गेला?"

"नियम आहेच. पुस्तक तीन दिवस ठेवायचं, मग पुढच्याला द्यायचं."

"मग ठेवलं होतंस ना?"

"ठेवलं होतं. पण तो नियम त्यांना ठाऊकच नव्हता. तो माझ्या डोक्यात होता, नाहीतर या शेऱ्यात. नोटीस न देता खातं बंद केल्यासारखं झालं, सर."

हे उदाहरण नानासाहेबांना लागू पडलं. त्यांनी चष्म्याची काच सदऱ्याला पुसली. "दुसरी प्रत कधी येते?"

"शनिवारी. ती तुमची."

"कोणाकडे आहे?"

"ते नाही सांगता येणार."

"म्हटलंच मी," नानासाहेब म्हणाले. चष्मा पुन्हा चढवून त्यांनी वहीच्या कोपऱ्यावर पेन्सिलने पंचवीस दुणे पन्नास मांडलं. "हे जादाचे पन्नास तिचे परत द्यावे लागतील. कोणत्या सदराखाली, ते मी बघतो. पण ती रविवारी जाणार असेल तर पुस्तक रविवारी आठच्या आत इथे. परराज्यात गेलेलं पुस्तक आजवर परत आलेलं नाही."

बुधवारी सकाळी आठला पाच मिनिटं असताना प्रेमानंद वाचनालयात हजर झाला. सिताबाईने त्याच्याकडे आणि मग घड्याळाकडे बघितलं. रुद्रम्मा जिन्याला धरून वर आल्या. पंच्याहत्तर पार झालेल्या, कपाळाला विभूती, हातात नाणी, पिशवीत वाचनालयाचं कार्ड. सरळ वहीकडे गेल्या.

"अव्वा, लिहू नका."

"कामून? आज बंद हाय का?"

"बंद नाही. तुमचा नंबर लागलेलाच आहे. एकदा लावला की तो राहतो इथं. रोज लावावा लागत नाही."

रुद्रम्मांनी हातातल्या नाण्यांकडे बघितलं. "सांजच्याला फाडत न्हाय व्हय कागुद?"

"नाही. कधीच नाही. तुमचा सहावा होता."

"सहावा? आन् माज्या वर रोज तीस-तीस नावं कुनाची?"

"बरीचशी तुमचीच, अव्वा."

सिताबाई तोंडाला पदर लावून खिडकीकडे वळली. रुद्रम्मांनी मात्र वहीचं पान जवळ ओढून आपली नावं मोजायला घेतली. प्रेमानंदने उरलेलंही सांगून टाकलं, कारण सांगितल्याशिवाय पुस्तक हातात देणं त्याला चोरी वाटली असती. "तुमचा नंबर लागला होता. दोन तारखेला पुस्तक आलं. वहीतल्या फोनवर मी दोनदा फोन केला, कुणी घेतला नाही. तीन दिवस ते या कपाटात होतं. मग मी दुसऱ्याला दिलं."

"म्हंजी म्या हितं उभी, आन् ते तितं?"

"व्हय."

रुद्रम्मांनी कपाटाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तुला तोंड न्हाय हे ठाव हाय मला तीस वर्सं. कपाटाला तरी द्यायचं व्हतंस."

प्रेमानंदने कपाट उघडलं, पुस्तक काढलं आणि दोन्ही हातांनी दिलं. चारशे बारा पानं. रुद्रम्मांनी ते उलटं-सुलटं करून हातावर तोललं, जशा त्या गिरणीत दळणाचा डबा तोलायच्या.

"म्या आज कार्ड परत द्यायला आले व्हते. ऐतवारी शंकरप्पा येनार. आज बुधवार." त्यांनी बोटांवर मोजलं. "माजी दिसाला चाळीस पानं व्हतेत. लई झाली तर पन्नास."

"रविवारी संध्याकाळी आठपर्यंत आहे तुमच्याकडं."

"न्हाय जमत हे." पण पुस्तक त्यांनी पिशवीत घातलं होतं.

"शेवट म्या सांगू का अव्वा?" सिताबाई मदतीला आली. पेपर वाचणाऱ्यांच्या गप्पांतून तिला अख्खी कादंबरी पाठ झाली होती. "आयकून ठिवा, म्हंजी न्हाय झालं वाचून तरी—"

"जीभ आवर," रुद्रम्मा म्हणाल्या. "दोन भाग डोळं फोडून वाचलेत. तितं तेलुगू बोलनारी सून हाय, दुकानात हिंदी हाय, मराठी अक्षर औषधाच्या बाटलीवर बी न्हाय. ही एक बाई माज्यासंगं शेवटपतुर आली पायजे. ती किल्ली देती का न्हाय, हे म्याच वाचनार." आणि जिना उतरून गेल्या.

कपाटाला तोंड द्यायचं हे वाक्य प्रेमानंदच्या मनात दिवसभर फिरत राहिलं. दुपारी त्याने कोरा पुठ्ठा घेतला आणि सूचना लिहायला बसला. नंबर कसा लावावा, कधी रद्द होतो, फोन कितीदा केला जातो, पुस्तक किती दिवस राखलं जातं. अकरा कलमं झाली. नानासाहेबांना ती फार आवडली. बाराव्या कलमाची त्यांनी भरही घातली. सिताबाई म्हणाली, मला वाचून दाखवा. तिसऱ्या कलमाला ती माठात पाणी भरायला निघून गेली.

"आवडलं नाही का?" प्रेमानंदने विचारलं.

"चांगलं हाय की. पर भाऊ, मानूस वहीपाशी येतंय ते एकच इचारत येतंय. माजं कवा? त्ये कुटं हाय ह्यात?"

प्रेमानंदने पुठ्ठा भिंतीकडे तोंड करून ठेवला. गुरुवारी त्याने नंबर लावणाऱ्याच्या हातात द्यायला जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांच्या चिठ्ठ्या कापल्या. नाव नाही, फक्त सभासद क्रमांक, म्हणजे कुणाचं काय ते कुणाला कळणार नाही. खाली: तुमच्या आधी इतके जण. प्रती इतक्या. आणि त्याखाली लाल शाईत: हा नंबर संध्याकाळी मरत नाही. रोज येऊ नका.

अधूनमधून त्याची नजर खिडकीतून गिरणीच्या गल्लीकडे जात होती. गुरुवारी सिताबाईने खबर आणली: नव्वदाव्या पानावर आहेत. शुक्रवारी: दीडशे झाली, पण डोळ्याला पाणी लागतंय. शनिवारी दुपारी: दोनशेच्या वर, सामान बांधायचं तसंच पडलंय, आणि गिरणी विकत घेतलेला माणूस किल्ली मागायला आला तर त्याला बाहेर बसवून प्रकरण पुरं केलं. शनिवारीच दुसरी प्रत आली आणि नानासाहेब ती छातीशी धरून गेले. प्रेमानंदने हिशेब केला. रविवारसाठी दीडशेच्या वर पानं उरत होती. दिवसाला पन्नास.

आपण दोन तारखेला आणखी एक फोन केला असता तर, असं त्याला वाटत राहिलं. किंवा एक चिठ्ठी दाराला लावली असती, फक्त क्रमांकाची, तर.

रविवारी सात वाजले, साडेसात झाले. नवव्या नंबरचा वाचक येऊन बसला होता. त्याला आज पुस्तक मिळेल असं प्रेमानंदने, आयुष्यात पहिल्यांदाच, तारीख देऊन सांगितलं होतं. नानासाहेबही आले होते, बोट पानात अडकवून.

"आली नाही ना? मी सांगितलं होतं. आतापर्यंत नळदुर्गाच्या नाहीतर जहिराबादच्या वाटेला लागली असेल."

"हैदराबादच्या वाटेवर नळदुर्ग लागत नाही, सर."

"मुद्दा तो नाही."

प्रेमानंदने टेबल त्यांच्यावर सोपवलं, किल्ल्यांसकट, आणि खाली उतरला. किल्ल्या आपल्या हातात आल्या आहेत, हे नानासाहेबांच्या बराच वेळ ध्यानात आलं नाही.

गल्लीत शिरल्यावर त्याला आधी आवाज ऐकू आला. पुरुषाचा, अडखळत वाचणारा. गिरणीच्या कट्ट्यावर दिव्याखाली शंकरप्पा बसला होता. पन्नाशीचा, हैदराबादेत औषधाच्या दुकानात काम करणारा, शाळा मात्र उमरग्यातच झालेली. त्याच्या मांडीवर पुस्तक, शेजारी बांधलेलं गाठोडं, आणि समोर बाजेवर रुद्रम्मा, डोळ्यांवर ओली पट्टी. भोवती दहा-बारा माणसं. दळण घेऊन आलेल्या बायका डब्यांवर बसलेल्या. प्रेमानंदने ओळखलं, त्यांतले चौघे वहीतल्या रांगेतले होते.

"बाराच्या गाडीनं जायचं व्हतं," मागे उभ्या असलेल्या एका बाईने त्याला हळूच सांगितलं. "अव्वा म्हनली, पुस्तक झाल्याबिगर उठत न्हाय. तुला घाई आसंल तर तूच वाच. तवापासनं वाचायलाय बिचारा."

शंकरप्पाने मान वर केली. "तुम्हीच का वाचनालयाचे? तो फोन तुमचा होता? अव्वा सगळीकडे माझाच फोन लिहिते. मला वाटलं कर्जवाले. मी कापला."

"बोलू नगंस, वाच," रुद्रम्मा पट्टीखालून म्हणाल्या. "प्रेमानंद, आलास तर बस तू बी. सात पानं ऱ्हायलीत."

प्रेमानंद कट्ट्यापाशी घुटमळला. रांग संपायच्या आधी शेवट ऐकायचा नाही हा त्याचा नेम, आणि आठला पुस्तक परत न्यायचं ही त्याची ड्यूटी. दोन्ही एकदम पाळायला त्याला पुस्तक मधेच हिसकावून न्यावं लागलं असतं. तो एका रिकाम्या पोत्यावर बसला. चंपाक्काने दिराला जिनच्या कुलपापाशी बोलावलं, तेव्हा दळणवाल्या बायका डबे पुढे सरकवून बसल्या. शेवटची ओळ वाचून शंकरप्पाने पुस्तक मिटलं. रुद्रम्मांनी पट्टी काढली.

"द्ये हिकडं," म्हणाल्या. शेवटचं पान त्यांनी पुन्हा स्वतः वाचलं, ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत. त्याला पाच मिनिटं लागली. मग पुस्तक प्रेमानंदच्या हातात दिलं. "माजा सहावा नंबर झाला बग आता."

"अव्वा, तुमचे पन्नास रुपये वाचनालयाकडं आहेत. जादा नंबरांचे. सरांनी व्हाउचर केलंय, सही करून न्या."

"त्यातलं दोन ऱ्हाऊ दे. चवथ्या भागाला माजा पयला नंबर लाव."

"चौथा भाग नाही, तीनच आहेत."

"निगंल की. त्या बाईनं जिनचं कुलूप उघडंच ठिवलंय, आयकलं न्हाय का तू?"

"मग अठ्ठेचाळीस तरी न्या."

"आता कुटं जिना चढू. ऱ्हाऊ दे तुज्यापशी." एवढं म्हणून त्या गाठोड्याची गाठ बघायला लागल्या. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने मायलेक गेले.

त्या रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी नवव्या वाचकाला पुस्तक मिळालं. प्रेमानंदने देण्याआधी ते खिडकीबाहेर धरून झटकलं, पीठ उडालं. मंगळवारी कट्ट्यावरचे चौघे येऊन नावं काढून गेले. ऐकून झालं, म्हणाले. दोन प्रती, दहा दिवस: मागच्या सगळ्यांची पाळी वीस दिवस अलीकडे आली, आणि प्रेमानंदने बसून सगळ्या चिठ्ठ्या नव्याने लिहिल्या.

चिठ्ठी अजून पुरती बसलेली नाही. 'तुमच्या आधी चार जण' वाचून एक मास्तर चौथ्या दिवशी पुस्तक न्यायला आले. म्हणून त्याने माणसांच्या जोडीला तारीख घातली. मग लोक बरोबर त्या तारखेला येऊन भांडायला लागले, तेव्हा तारखेआधी 'साधारण' आणि नंतर 'याच्या आधी येऊ नका' लिहिलं. पुस्तक आलं की आता फोनही होतो आणि जिन्याच्या दाराला सभासद क्रमांकाची पाटीही लागते, सकाळी पेपर वाचायला येणाऱ्याला दिसेल अशी. ती पाटी सिताबाई लावते. तिला आकडे ओळखता यायला लागले आहेत. कपाटाची दुसरी किल्ली तिच्या कमरेला असते. बारा कलमांचा पुठ्ठा अजून भिंतीकडे तोंड करून आहे, आणि नानासाहेब तो मधूनमधून सरळ करून ठेवतात.

नव्या वहीच्या पहिल्या पानावर पहिलीच नोंद आहे, प्रेमानंदच्या बारीक अक्षरात: चौथा भाग, रुद्रम्मा बिराजदार, नंबर एक, दोन रुपये जमा. प्रती शून्य. तारखेच्या जागी काही लिहिलेलं नाही.

व्हाउचर सहीशिवाय तसंच फायलीत आहे. रुद्रम्मांचे अठ्ठेचाळीस रुपये वाचनालय देणे लागते.